दंश, ज्वर आणि घरचे अंथरूण

२ ऑक्टोबर १९२० रोजी ग्रीसचा राजा अलेक्झांडर अथेन्सजवळच्या तातोई येथील आपल्या बागेत फिरत होता. राजाचे वय अवघे २७ वर्षांचे. त्याच्या फ्रिट्झ नावाच्या कुत्र्याची आणि बागेतील द्राक्षवेलींची देखभाल करणाऱ्या नोकराच्या पाळीव माकडाची झटापट जुंपली. राजा त्यांना सोडवावयास गेला, तोच दुसरे एक माकड धावून आले आणि त्याने राजाच्या पायाला व अंगाला कडकडून चावे घेतले. जखमा धुतल्या, बांधल्या. राजाला ही गोष्ट किरकोळ वाटली; तिचा बोभाटा होऊ नये, अशी इच्छाही त्याने दर्शविली. त्याच संध्याकाळी जखमा चिडल्या, ताप चढला आणि विष रक्तात भिनले. पाय कापून टाकावा असा विचार वैद्यांच्या मनात आला. परंतु राजाचा पाय कापण्याची जबाबदारी शिरावर घेण्यास कोणी पुढे होईना. २५ ऑक्टोबर रोजी राजा मरण पावला.

त्याच्या उशाशी त्या काळचे उत्तमोत्तम शल्यवैद्य होते. पैशाची वाण नव्हती, शुश्रूषेची वाण नव्हती. वाण होती ती आज कोणत्याही औषधाच्या दुकानात पुडक्यातून मिळणाऱ्या दहा-वीस गोळ्यांची. त्या गोळ्या तेव्हा जगात कोठेच नव्हत्या.

या मृत्यूचे राजकीय परिणाम मोठे झाले असे मानतात. नोव्हेंबर १९२० च्या निवडणुकीत पंतप्रधान व्हेनिझेलोस पराभूत झाले, अलेक्झांडरचा पदच्युत पिता कॉन्स्टंटाइन पुन्हा गादीवर आला, मित्रराष्ट्रांचा ग्रीसला असलेला पाठिंबा पातळ झाला आणि आशिया मायनरमधील तुर्कांविरुद्धच्या युद्धात १९२२ साली ग्रीक सैन्याची वाताहत झाली. माकडाच्या या चाव्याने अडीच लाख माणसे मारली, अशा अर्थाचे विधान चर्चिलने पुढे करून ठेवले आहे. मला हे विधान जसेच्या तसे स्वीकारवत नाही. ग्रीक सैन्य स्मर्ना येथे उतरले ते मे १९१९ मध्ये, म्हणजे माकड चावण्याच्या दीड वर्ष आधी. युद्धाची कारणे माकडाच्या दातांत शोधणे म्हणजे सुतावरून स्वर्ग गाठणे होय. तथापि हेच सूत थोडे पुढे ओढले तर ते आपल्या दारापर्यंत येते, म्हणून ओढण्याचा मोह आवरत नाही.

विजयी तुर्कांनी १९२२ साली सुलतानपद आणि ३ मार्च १९२४ रोजी खिलाफत रद्द केली. शेवटचे खलिफा अब्दुल मजीद परागंदा होऊन फ्रान्समध्ये राहिले. त्यांना आपल्या निजामाकडून मासिक तनखा जात असे. १९३१ साली नीस येथे त्यांची कन्या दुर्रुशेहवार आणि त्याच राजकुलातील नीलोफर यांचे विवाह निजामाच्या दोघा पुत्रांशी झाले आणि या दोघी हैदराबादेत आल्या. १९४९ साली नीलोफर यांची एक दासी बाळंतपणात दगावली. त्या दुःखातून बायका-मुलांसाठी स्वतंत्र रुग्णालय व्हावे असा त्यांनी ध्यास घेतला आणि १९५३ साली रेड हिल्सवर ते उभे राहिले. नामपल्ली स्टेशनावर उतरून तान्ह्या मुलाला छातीशी धरून घाईघाईने त्या बाजूस निघालेल्या आया आपण रोज पाहतो. ग्रीसच्या माकडाला या रुग्णालयाचे श्रेय देण्याचा माझा मुळीच विचार नाही. परंतु एक दूषित जखम आणि एक असाहाय्य बाळंतपण, या दोन्ही मृत्यूंत वैद्यकाची तीच मर्यादा उघडी पडली होती, एवढे मात्र खरे.

आता या विषयाकडे मी कशी वळले ते सांगावयास हवे. अन्यथा इतिहास शिकविण्यात आयुष्य गेलेल्या बाईने शाळेच्या स्मृतिव्याख्यानात माकड-मांजरांच्या गोष्टी का सांगाव्यात, असे कोणालाही वाटेल. गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस, गणेशविसर्जनाच्या ढोल-ताशांनी बिथरलेली आमची मनी माझ्या उजव्या अंगठ्याच्या मुळाशी चावली. जखम म्हणावी अशी दिसतच नव्हती; सुईने टोचावे तशी दोन भोके. नळाखाली साबणाने पंधरा मिनिटे हात धुतला. पाच-सहा तासांत अंगठा ठणकू लागला, रात्री तळहात फुगला, पहाटे मनगटापासून वर एक तांबडी रेघ सरकलेली दिसली, काखेत अवधाण आले आणि थंडी वाजून ताप भरला. आमच्या गल्लीतील डॉक्टरांनी जखम पुन्हा धुतली, धनुर्वाताची सुई टोचली, मांजर बाहेर हिंडणारे म्हणून पिसाळरोगाची लस सुरू केली आणि जखमेभोवती तयार प्रतिद्रव्याचे इंजेक्शनही दिले. मग त्यांनी खिशातील पेनाने माझ्या हातावरच्या लालीची हद्द आखली. ही रेघ ओलांडून लाली पुढे गेली तर तडक रुग्णालयात. मागे हटली तर घरीच. त्यासाठी अमॉक्सिसिलिन व क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल यांची जोडगोळी, दिवसातून दोनदा, जेवणानंतर. हात उशीवर उंच ठेवावयाचा. दुसऱ्या दिवशी लाली होती तेथेच होती, तिसऱ्या दिवशी ती रेघेच्या आत आली.

डाव्या हाताने वरणभात खात घरी पडून राहिलेल्या माणसाला वाचनाखेरीज दुसरे काय असते? त्या दिवसांत अलेक्झांडर राजाची हकीकत पुन्हा वाचनात आली आणि या घरच्या अंथरुणाची किंमत प्रथमच नीट ध्यानात आली. राजवाड्यात जे लाभले नाही ते नामपल्लीतल्या दोन खोल्यांच्या घरात सहज लाभावे, हे कसे घडले?

दंशाचे मरण दोन प्रकारचे असते. त्यांतील एकाला नाव आहे, दुसऱ्याला नव्हते. पहिले पिसाळलेल्या जनावराच्या चाव्याचे. ते आठवड्यांनी, कधी महिन्यांनी येते, पाणी पाहताच रोग्याचा घसा आवळतो, आणि एकदा लक्षणे उमटली की सुटका जवळजवळ नाहीच. हे भय इतके जुने आहे की सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात पिसाळलेल्या कुत्र्याच्या विषाचे, म्हणजे अलर्कविषाचे आणि पाण्याच्या भीतीचे स्पष्ट वर्णन आढळते. दंशातून रक्त काढून ती जागा तापलेल्या तुपाने जाळावी असा उपायही तेथे आहे. आपल्या भाषेने तर त्यासाठी 'पिसाळणे' हे क्रियापदच निराळे काढून ठेवले. दुसरे मरण साध्या, शहाण्या, घरच्या जनावराच्या चाव्याचे. जखम पिकते, सूज चढते, रक्त नासते, माणूस जातो. त्याला आपल्याकडे 'जखम चिघळली' किंवा 'बाधली' यापलीकडे शब्द नव्हता. गावोगाव अशा जखमेत मिरचीपूड, चुना किंवा शेण भरीत असत. शेणातून धनुर्वात येई आणि त्याचा दोष दैवाला लागे. मृत्यूच्या नोंदीत असा माणूस 'तापाने' गेलेला असतो. म्हणून या दुसऱ्या मरणाचा इतिहास लिहिणे कठीण आहे. ज्याला नाव नाही त्याचे दप्तर नसते.

या दोन्ही मरणांच्या कथेत एकच माणूस उभा आहे, तो म्हणजे लुई पाश्चर. ६ जुलै १८८५ रोजी पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेल्या जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला त्याने लस टोचावयास प्रारंभ केला आणि मुलगा वाचला, ही गोष्ट शाळेतल्या मुलांना ठाऊक असते. त्याआधीची गोष्ट कमी ठाऊक असते. कोंबड्यांना होणाऱ्या एका मारक रोगाच्या जंतूंवर पाश्चर काम करीत होता आणि १८८० साली त्याला असे आढळले की जुने, दुबळे झालेले जंतू टोचले असता कोंबड्या मरत नाहीत, उलट पुढच्या खऱ्या जंतूंनाही पुरून उरतात. प्रयोगशाळेत रोगजंतू दुबळा करून लस बनविण्याची वाट येथून खुली झाली. त्या जंतूच्या कुळाला पुढे पाश्चरच्या नावावरून 'पाश्चुरेला' असे नाव मिळाले.

हाच पाश्चुरेला मांजराच्या तोंडात सुखाने नांदत असतो. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात मांजरांच्या चाव्याने पिकलेल्या जखमांपैकी सुमारे ७५ टक्के जखमांत आणि कुत्र्यांच्या बाबतीत सुमारे ५० टक्के जखमांत या कुळाचे जंतू सापडले. कुत्र्याचा दात मांस फाडतो, जखम उघडी राहते, धुता येते. मांजराचा दात सुईसारखा. तो जंतू खोल पेरतो आणि वरचे भोक मिटून जाते. हातावर तर स्नायूंच्या दोऱ्या आणि सांधे कातडीखालीच असतात. अमेरिकेतील मेयो क्लिनिकने २०१४ साली हातावर मांजर चावलेल्या १९३ रोग्यांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यांतील ५७ जणांना रुग्णालयात ठेवावे लागले होते. मांजराचा चावा हा दिसावयास लहान म्हणूनच फसवा असतो.

आणि हा जंतू आपल्या खेड्यांना परका नाही. पावसाळ्याच्या तोंडी म्हशींना घटसर्प होतो, गळा सुजतो, घुरघुर लागते आणि दिवसा-दोन दिवसांत धडधाकट जनावर आडवे होते. मराठवाड्यातील कोणत्याही शेतकऱ्याला हे सांगावे लागत नाही. पाऊस पडण्यापूर्वी घटसर्पाची लस टोचून घेण्याची धांदल त्यासाठीच असते. तो घटसर्प घडविणारा जंतू याच पाश्चुरेलाचा एक वाण होय. मनीच्या दाताखालून माझ्या हातात जे शिरले ते गोठ्यातल्या त्या काळाचे चुलत भावंड असावे, हे कळल्यावर मला जरा दचकल्यासारखे झाले.

पिसाळरोगाच्या लशीची भारतातील कहाणी थोडक्यात सांगून पुढे जाते. प्रथम दंश झालेल्या गोऱ्या सैनिकांना जहाजाने थेट पॅरिसला पाठवीत. १९०० साली कसौली येथे आणि दक्षिणेसाठी १९०७ साली कुन्नूर येथे पाश्चर संस्था निघाल्या. कसौलीच्या डेव्हिड सेंपल याने १९११ साली मेंढीच्या मेंदूत वाढविलेला व कार्बोलिक आम्लाने मारलेला विषाणू वापरून लस तयार केली. 'पोटात चौदा इंजेक्शने' ही जी धास्ती माझ्या पिढीच्या मनात बसली ती या लशीची. मेंदूचा अंश असल्याने काही रोग्यांना लशीमुळेच पक्षाघात होई. तरीही जवळजवळ शंभर वर्षे आपला देश या लशीवर विसंबून राहिला. २००५ च्या सुमारास ती पूर्णतः मागे पडली आणि पेशीसंवर्धनातून केलेली, दंडावर टोचावयाची लस सर्वत्र आली. तिच्या उत्पादकांत हैदराबादची इंडियन इम्युनॉलॉजिकल्स ही राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने काढलेली संस्था आघाडीवर आहे. जुन्या हैदराबादकरांना मात्र 'कुत्रे चावले' म्हटले की नारायणगुड्याची प्रिव्हेंटिव्ह मेडिसिन संस्थाच आठवते.

येथे एक योगायोग सांगण्यासारखा आहे. पाश्चर वारला २८ सप्टेंबर १८९५ रोजी. म्हणून २८ सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन पाळतात. आपल्या शहराला ही तारीख निराळ्याच कारणाने ठाऊक आहे. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुशी नदीला महापूर आला आणि अफजलगंजचे रुग्णालय त्यात वाहून गेले. त्याच्या आवारातील चिंचेच्या झाडावर चढून दीडशेच्या आसपास माणसे वाचली, ही कथा येथे आजही सांगतात. त्याच जागी पुढे उस्मानिया रुग्णालयाची भव्य वास्तू झाली. परभणी-नांदेडकडचा रोगी काचीगुड्याला उतरे, गुलबर्गा-वाडीकडचा नामपल्लीला. दोघांचीही वाट तेथेच मिळे. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता, आणि 'मोठा दवाखाना' म्हणजे उस्मानिया, हे समीकरण त्यानंतरही कित्येक वर्षे टिकले.

वैद्यकावर कुत्र्यांचे ऋण या शहराइतके अन्यत्र क्वचितच असेल, हेही जाता जाता नोंदविते. रेसिडेन्सी सर्जन एडवर्ड लॉरी याने १८८८ आणि १८८९ साली येथे दोन क्लोरोफॉर्म कमिशने भरविली. दुसऱ्याचा खर्च निजाम सरकारने उचलला आणि लंडनहून लॉडर ब्रंटनसारखा विद्वान आला. क्लोरोफॉर्मने मृत्यू येतो तो श्वास थांबल्याने की हृदय थांबल्याने, एवढ्या प्रश्नासाठी शेकडो जनावरे, त्यांत बहुतांशी कुत्री, कामास आली. श्वासाच्या बाजूने दिलेला लॉरीचा कौल पुढे टिकला नाही. कुत्री मात्र गेली ती गेली.

आता दुसऱ्या, निनावी मरणाकडे येऊ. त्याच्यावरचा पहिला खरा इलाज जर्मनीत सापडला. गेरहार्ट डोमाक या संशोधकाने प्राँटोसिल नावाचे तांबडे रंगद्रव्य जंतूंवर गुणकारी असल्याचे १९३५ साली जाहीर केले. त्याच वर्षाच्या अखेरीस त्याच्या लहानग्या मुलीच्या हातात सुई शिरून हात पिकला आणि तो कापण्याची वेळ आली. बापाने स्वतःचे औषध तिला दिले, तिचा हात व जीव दोन्ही वाचले. अलेक्झांडर राजाच्या वैद्यांपुढे जो पेच होता तोच हा, केवळ पंधरा वर्षांनंतरचा.

मग पेनिसिलिन. फ्लेमिंगला १९२८ साली बुरशीभोवती जंतू मेलेले दिसले; परंतु त्याचे औषध करण्याचे काम ऑक्सफर्डला फ्लोरी, चेन आणि त्यांचे सहकारी यांनी केले. त्यांनी आजारावरील उपचारासाठी ज्या पहिल्या माणसाला ते टोचले त्याचे नावही अलेक्झांडरच होते. आल्बर्ट अलेक्झांडर हा पोलीस शिपाई. गुलाबाचा काटा तोंडावर ओरखडल्याने त्याला जंतुबाधा झाली अशी कथा वर्षानुवर्षे सांगितली जाते. बाँबहल्ल्यात झालेल्या जखमेचे ते पर्यवसान होते असे अलीकडे म्हणतात. १२ फेब्रुवारी १९४१ रोजी पहिली मात्रा दिली. चोवीस तासांत उतार पडला, रोगी जेवू लागला. परंतु औषधच पुरेना. त्याच्या लघवीतून वाहून जाणारे पेनिसिलिन गाळून काढून पुन्हा त्यालाच टोचण्यापर्यंत मजल गेली. पाचव्या दिवशी साठा संपला, जंतू उलटले आणि १५ मार्च रोजी तो मरण पावला. राजाला औषध नव्हते म्हणून तो गेला. शिपायाला औषध होते, पण अपुरे. दोघांच्या मृत्यूंत जेमतेम वीस वर्षांचे अंतर.

या कथेत आणखी एक कडू तपशील आहे. ज्यामुळे जंतू पेनिसिलिनला दाद देत नाहीत असा, पेनिसिलिन फोडून टाकणारा पदार्थ काही जंतू स्वतःच तयार करतात, हे अब्राहम आणि चेन यांनी १९४० च्या डिसेंबरातच प्रसिद्ध केले होते. त्या शिपायाला पहिली सुई टोचण्यापूर्वी सुमारे दीड महिना. तलवार म्यानातून निघण्याआधीच ढालीचा शोध लागला होता असे म्हणा ना. माझ्या गोळीतील क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल हे त्या ढालीवरचे उत्तर. मातीतील एका जंतूपासून ते इंग्लंडातील संशोधकांनी १९७० च्या दशकात वेगळे केले आणि १९८१ पासून अमॉक्सिसिलिनबरोबर ते बाजारात आले. मांजराच्या तोंडात पाश्चुरेलाच्या जोडीला असे ढालवाले जंतूही असतात, म्हणून ही जोडगोळी द्यावी लागते.

औषध सापडणे वेगळे आणि ते नामपल्लीच्या दुकानात परवडेल अशा दरात येणे वेगळे. या दुसऱ्या प्रवासाचा मार्ग महाराष्ट्रातून आणि आपल्या शहरातून गेला आहे, याचा मला अभिमान वाटतो. स्वतंत्र भारताने जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने पुण्याजवळ पिंपरी येथे १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना केली. १९५५ पासून तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. १९६१ साली सोव्हिएत सहकार्याने आय.डी.पी.एल. ही सरकारी कंपनी निघाली आणि तिचा कृत्रिम औषधांचा कारखाना हैदराबादच्या बाळानगर भागात आला. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधावरील मक्तेदारी उठवून केवळ कृतीवरील हक्क ठेवला. म्हणजे तेच औषध वेगळ्या रीतीने करण्याची मुभा आपल्या रसायनतज्ज्ञांना मिळाली. बाळानगरात हात बसलेली माणसे बाहेर पडली आणि त्यांनी आपापले कारखाने काढले, डॉ. अंजी रेड्डी हे त्यांतील सर्वांत प्रसिद्ध, त्यांची कंपनी १९८४ सालची. सरकारी कारखाना पुढे आजारी पडला आणि बंद झाला. त्याने घडविलेले शहर मात्र जगाचे औषधाचे कोठार बनले.

ज्यांना पेनिसिलिन सोसत नाही अशांना दंशाच्या जखमेवर बहुधा डॉक्सिसायक्लिन देतात. त्याच्या कुळाचा मूळपुरुष ऑरिओमायसिन १९४८ साली अमेरिकेत लेडर्ली कंपनीत जन्मास आला, आणि तेथील संशोधनाचे प्रमुख होते भीमावरमला जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये ते वारले. मोठेपणाच्या मानाने त्यांचे नाव आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे.

अंथरुणावर असताना चौथ्या दिवशी माझ्या नातवाने विचारले, "आजी, सूज उतरली, ताप गेला. मग अजून गोळ्या कशाला घेतेस?" डॉक्टरांनी सांगितले म्हणून, हे उत्तर त्याला पुरेसे वाटले नाही, आणि खरे पाहता ते पुरेसे नाहीही. फ्लेमिंगने १९४५ च्या आपल्या नोबेल भाषणातच बजावले होते की तोकड्या मात्रेने जंतू मरत नाहीत, शिकतात. 'सुरू केलेला क्रम पुरा करा' हे वैद्यकाचे ब्रीद त्या विचारातून रूढ झाले. २०१७ साली काही ब्रिटिश तज्ज्ञांनी या ब्रीदाला शास्त्रीय आधार अपुरा असल्याचे दाखवून दिले; गरजेपेक्षा लांबलेले उपचारही आपल्याच अंगातल्या इतर जंतूंना शिकवून ठेवतात, असा त्यांचा मुद्दा. मी नातवाला दोन्ही बाजू सांगितल्या. आणि हेही सांगितले की किती दिवस पुरे, हे हात तपासणाऱ्याने ठरवावयाचे असते. हात ज्याचा दुखतो त्याने नव्हे, आणि औषधाच्या दुकानदाराने तर नव्हेच. माझ्या डॉक्टरांनी सातव्या दिवशी हात पाहिला आणि गोळ्या थांबविल्या. लशीच्या उरलेल्या मात्रा ठरल्या दिवशीच घेतल्या.

नातवाने मग गोळ्यांचे रिकामे पाकीट उलटसुलट करून त्यावरची उभी लाल रेघ दाखविली. ही रेघ असलेले औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून घेऊ नये, असे सांगणारी मोहीम केंद्र सरकारने २०१६ साली काढली. नामपल्ली स्टेशनासमोर तासभर उभे राहून किती जण चिठ्ठी दाखवितात ते पाहावे, म्हणजे तिचे यश कळते. सर्दीपडशाला दोन गोळ्या, जुलाबाला दोन गोळ्या, अशी सुटी विक्री चालते. गरीब माणसाला दोन गोळ्यांचे पैसे असतात, डॉक्टरांच्या फीचे नसतात. त्याला दोष देणे सोपे आहे आणि मला ते योग्य वाटत नाही.

दोष द्यावयाचाच तर तो अधिक वरच्या ठिकाणी पोचतो. २००७ साली योआकिम लार्सन यांच्या स्वीडिश गटाने पाटणचेरूच्या सांडपाणी-शुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडणारे पाणी तपासले. सुमारे नव्वद औषध-कारखान्यांचे सांडपाणी तेथे येत होते. त्या 'शुद्ध' केलेल्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे प्रतिजैविक लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत आढळले. हे औषध घेणाऱ्या रोग्याच्या रक्तातही ते एवढे नसते. जंतूंना शिकविण्यासाठी याहून मोठी पाठशाळा कोणी काढली असती असे वाटत नाही. ते पाणी ओढ्यांवाटे नक्कवागूत आणि तेथून मांजरा नदीत जाई. मांजरा ही बीड जिल्ह्यात बालाघाटाच्या डोंगरात उगम पावते, लातूरच्या शेतांना पाणी देत येते आणि कंदकुर्तीला गोदावरीस मिळते.

२०१९ या एका वर्षात औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंमुळे जगभर १२ लाख ७० हजार माणसे दगावली, असा अंदाज २०२२ साली 'लॅन्सेट' मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांत कोणाचा पाय कापावा की न कापावा, असा तातोईच्या बागेतला जुना पेच किती वैद्यांपुढे पुन्हा उभा राहिला असेल, ते त्या आकड्यातून कळत नाही. पाटणचेरू नामपल्लीपासून सुमारे तीस किलोमीटरवर आहे.